मदत हवी आहे : अंगणातली बिट्टी काढायची आहे

नमस्कार. आम्ही डिचोलीजवळ राहतो. अंगणात चिऱ्याच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) लागून बिट्टीचं, म्हणजे पिवळ्या कण्हेरीचं, दहा-बारा फुटी झाड आहे. सासऱ्यांनी लावलेलं. ते आता नाहीत, पण सासूबाई दर सोमवारी त्याच झाडाची फुलं महादेवाला वाहतात.

गेल्या आठवड्यात माझ्या अडीच वर्षांच्या लेकीच्या हातात बिट्टीचं हिरवं फळ दिसलं. सालीवर तिचे चार दात उमटलेले आणि त्यातून पांढरा चीक ओघळत होता. तोंड पुसलं आणि तशीच दवाखान्यात धावले. ईसीजी काढला, रात्रभर मॉनिटरवर ठेवली. सुदैवाने काही गिळलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, झाडाचा प्रत्येक भाग विषारी, त्यातही आतली बी सगळ्यात जास्त. विष थेट हृदयावर काम करतं, नाडी मंदावते, ठोके चुकतात. उलट्या वगैरे त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो, म्हणून घरी वाट बघत बसायचं नाही. लहानपणी आम्ही याच बिट्ट्यांनी तासन् तास खेळायचो, आठवून अजून अंगावर काटा येतो.

आधी वाटलं, फळं तेवढी तोडत राहू. पण बारा महिने फुलतं, किती लक्ष ठेवणार? पावसात खाली रोपंही उगवतात. सासूबाईंना सांगताना जीभ रेटत नव्हती, पण त्याच म्हणाल्या, पोरीपेक्षा फूल मोठं नाही.

आता अडचण तोडण्याची आहे. चीक अंगावर, डोळ्यांत जाऊ नये म्हणून हातमोजे, चष्मा घालणारच आहोत. जाळायचं नाही हेही ठरलंय, धूर बाधतो म्हणतात, आणि आमच्या न्हाणीच्या चुलीत गडी काहीही घालतो, त्यामुळे लाकूड घरात नकोच. मग फांद्या टाकू कुठे? शेजाऱ्यांच्या शेळ्या मोकाट फिरतात, पाला त्यांच्या तोंडी लागला तर? खोल खड्डा करून पुरलं तर चालेल का? विहीर तिथून वीसेक पावलांवर आहे. बुंधा पुन्हा फुटू नये म्हणून मुळासकट उपटावा लागेल का? गडगा जुना आहे, मुळांबरोबर चिरे ढासळतील अशी भीती वाटते.

आणखी एक, त्या जागी सासूबाईंसाठी पूजेचं काय लावू? अबोली आहेच, पण त्यांना पिवळं फूल हवंय. पिवळी कोरांटी लहान मुलांच्या घरात चालेल का? कुणी लावली असेल तर कृपया सांगा. गडी रविवारी येणार आहे.