डेंग्यूच्या केसपेपरवर पाळीची तारीख का नसते?

पलूसची माहेरवाशीण: धाकट्या जावेला गणपतीत डेंग्यू झाला. सलाइन लावलं, रोज प्लेटलेट मोजल्या. त्यातच पाळी आली. तासाला पॅड भिजत होतं, पण कुणी विचारलं नाही. राउंडला सगळे पुरुष, मग हिनंही सांगितलं नाही. वर पोट दुखतंय म्हणून पर्समधली नेहमीची मेफेनॅमिकची गोळी घेतली! डेंग्यूत पॅरासिटामॉलच चालतं, बाकी दुखण्याच्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. पुढची पाळी लांबली, तर सासूबाईंनी जाहीर करून टाकलं, "ताप पिशवीत उतरला, आता कसलं मूल." माझं म्हणणं एवढंच, व्हायरल तापाचा पाळीवर परिणाम होतो आणि तो केसपेपरवर यायलाच हवा.

विट्याचा केमिस्ट: ताई, सगळं डॉक्टरांवर ढकलू नका. काउंटरवर मुलगी येते, "पोटदुखीची द्या" म्हणते, तेही शेजारच्या गिऱ्हाइकाकडे बघत. ताप आहे का विचारलं तर मान हलवते. हो का नाही, कळत नाही.

पलूसची माहेरवाशीण: मग चिठ्ठीशिवाय देता कशाला?

कराडची सिस्टर: अंगावरून जास्त जाणं हे डेंग्यूत धोक्याचं लक्षण आहे, ते विचारलंच पाहिजे, इथपर्यंत मान्य. पण 'ताप पिशवीत उतरला' हे साफ चूक. जोराचा ताप, उपास, वजन उतरणं, यानं मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संदेश मंदावतात, बीज उशिरा सुटतं, म्हणून पाळी लांबते. बहुतेकींची एक-दोन चक्रांत मार्गावर येते. तीन महिने आलीच नाही तर आधी गरोदरपणाची टेस्ट, मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन), सोनोग्राफी. अंडाशयाला सूज आणणारा व्हायरस म्हणाल तर गालगुंडाचा, तोही मोठ्या वयात झाला तर, आणि त्यातूनही कायमचं वंध्यत्व क्वचितच.

तासगावकर: तापाचं काय घेऊन बसलात, कोरोनाच्या लशीपासून बिघडलंय सगळं. आमच्या गल्लीत कुणालाही विचारा.

कराडची सिस्टर: गल्लीचं राहू द्या. २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे ४ हजार बायकांच्या पाळीच्या नोंदी तपासल्या. लशीनंतर चक्र सरासरी एक दिवससुद्धा लांबलं नव्हतं.

तासगावकर: अमेरिकेतल्या बायका ऊस खुरपत नाहीत.

मिरजेची मावशी: अरे बाबा, खुरपणाऱ्या बाईचं रक्त कमी असतं, ते आधी तपास. मला तर मूळ प्रश्नच पटत नाही. आपल्याकडे गर्भनळ्या बंद होतात त्या पिशवीच्या टीबीनं, लपवलेल्या इन्फेक्शननं, आणि ते दोन्ही व्हायरस नव्हेत. व्हायरसच्या नादात ती तपासणी राहून जाते. आणि मूल एकटीला होतं का? तापाचा फटका पुरुषाच्या बीजालाही बसतो. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, तेवढा काळ संख्या कमी येऊ शकते. त्याला विचारलं का कुणी?

पलूसची माहेरवाशीण: दिरालाही त्याच आठवड्यात ताप होता की! पण तपासणीचं नाव काढलं तर सासूबाई घर डोक्यावर घेतील.

विट्याचा केमिस्ट: दिराला माझ्याकडं पाठवा, मी बोलतो.

कराडची सिस्टर: वीर्यतपासणीला लगेच पाठवू नका. ताप जाऊन तीन महिने होऊ द्या, तपासणीआधी २ ते ७ दिवस संबंध नकोत, नाहीतर रिपोर्ट उगाच वाईट येईल.