टायर, गोणी, पेंढा की सरळ जमीन? नाशिकात घरी बटाटे कसे लावायचे

इंदिरानगरची_बाग
नमस्कार मंडळी, घरामागे साधारण १० बाय ६ फुटांची जागा मोकळी आहे, माती एकदम काळी, आत्ता पाऊस थांबल्यावर वरून कडक व्हायला लागलीये आणि भेगा पडतायत. वर गच्ची पण आहे, ऊन दिवसभर. यंदा बटाटे लावायचं मनात आहे पण व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलं, कुणी टायरवर टायर रचतंय, कुणी गोणी गुंडाळून वर वर माती भरत जातंय आणि शेवटी गोणी फाडली की धबाधबा बटाटे, कुणी तर मातीच नको म्हणतं, नुसता पेंढा. आपल्याकडे यातलं खरंच काय चालतं? दिवाळीच्या आधी लावू की नंतर? आणि घरातल्या टोपलीत कोंब फुटलेले बटाटे आहेत तेच लावले तर चालतील का? सासूबाई म्हणतायत एवढ्या खर्चात मार्केट यार्डातून पोतं येईल 😄

निफाडवाला
ताई पद्धतीचं नंतर बघा, आधी टायमिंग. बटाट्याला जमिनीत पोसायला थंड रात्री लागतात, १५ ते २० डिग्रीच्या आसपास, फार गरम असलं की पाला मस्त वाढतो आणि खाली काहीच नाही. म्हणून आपल्याकडे रब्बीचा बटाटा ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लावायचा, म्हणजे डिसेंबर-जानेवारीची थंडी बरोबर पोसायच्या वेळेला सापडते. मंचरकडे पावसाळ्यातही घेतात पण तिकडचं हवामान वेगळं, ते बघून आपण जूनमध्ये लावायला जाऊ नये. तुमच्याकडे अजून उकाडा असेल तर दिवाळी होऊ द्या, बिघडत नाही.

आता जागा. काळ्या मातीत सपाट लावू नका, पाणी साचून बेणं (म्हणजे लावायचा बटाटा) सडतं. ३-४ पाट्या चांगलं कुजलेलं शेणखत आणि जमलं तर थोडी वाळू मिसळा, वरंबे (मातीचे उंच लांब बांध) करा, दोन वरंब्यांत दीड-दोन फूट आणि बेण्यात ८-९ इंच अंतर. ३-४ इंच खोल. झाड वीतभर झालं की बुडाला भर लावायची, म्हणजे माती ओढून चढवायची, पंधरा दिवसांनी परत. ही भर चुकवली तर बटाटे वर उघडे पडतात आणि हिरवे होतात, हिरवे खायचे नाहीत, कडू लागतात आणि त्यात सोलानीन नावाचं विष असतं. शेणखत कच्चं नको हां, हुमणी (मुळं खाणारी पांढरी अळी) येते त्यातून. आणि गेल्या हंगामात टोमॅटो, वांगी, मिरची होती ती जागा सोडा, सगळं एकाच कुळातलं, रोग तेच.

गच्चीवाली_काकू
निफाडवाले दादा बरोबर बोलतायत पण त्यांना जमीन आहे म्हणून! फ्लॅटवाल्यांनी काय करायचं. मी ग्रो बॅगमध्येच लावते, १५ बाय १५ इंचांची, एका बॅगेत २ किंवा फार तर ३ बेणी, त्याच्यावर हावरटपणा केला की सगळे गोट्याएवढे निघतात. खाली आधी ५-६ इंच मिश्रण (माती, गांडूळखत, कोकोपीट म्हणजे नारळाचा भुसा, तिन्ही समान भाग), त्यावर बेणं, वर परत ३-४ इंच, आणि झाड वाढेल तसं भरत जायचं वरपर्यंत. बॅगची कड सुरुवातीला खाली दुमडून ठेवायची, नाहीतर कोवळ्या कोंबाला ऊनच मिळत नाही.

ओल्या बॅगेचं वजन ३०-४० किलोच्या पुढे जातं, तेव्हा स्लॅबच्या मधोमध रांग लावू नका, बीमवर किंवा भिंतीलगत ठेवा. पाणी बोट घालून बघून. एकदा कोरडं पाडायचं मग बदाबदा ओतायचं असं केलं की बटाटे तडकतात नाहीतर वेडेवाकडे होतात. बॅगेमागे किलो-सव्वा किलो निघाला तर चांगला, त्यापेक्षा जास्त सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

सातपूर_एमआयडीसी
टायर आणि टॉवरवाल्या व्हिडिओंबद्दल, भो, एक समजून घ्या. बटाटा मुळाला लागत नाही, जमिनीखालच्या खोडातून आडव्या फांद्या निघतात त्यांच्या टोकाला लागतो. उशिरा तयार होणाऱ्या काही परदेशी जातींमध्ये वर वर माती टाकली तर अशा फांद्या आणखी वरही फुटतात असं म्हणतात. आपल्याकडे मिळतं ते कुफरी पुखराज, कुफरी ज्योती, कुफरी चंद्रमुखी, कुफरी लवकर वगैरे, साधारण ७५ ते १०० दिवसांत खेळ खलास. या जातींना बेण्याच्या जरा वरती एका थरात काय लागायचं ते लागतं. चार फूट माती भरा, वरची तीन फूट माती नुसती माती म्हणून निघेल. वर टॉवरमध्ये खाली चिखल आणि वरचा भाग कोरडा ठणठणीत, पाणी सारखं पोचतच नाही. टायर काळे, दुपारी तापतात ते वेगळंच. फूट-सव्वा फूट खोलीच्या पुढे जायची गरज नाही, गोणी घेतली तरी तेवढीच भरा, बाकीची दुमडा.

त्र्यंबकरोड
पेंढ्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, मला विचाराल तर ताईंच्या काळ्या मातीला तीच पद्धत बेस्ट आहे. खणायचं नाहीच. जमीन भिजवून घ्यायची, थोडं गांडूळखत पसरायचं, बेणं वरच ठेवायचं कोंब वर करून आणि वरून ८-१० इंच भाताचा पेंढा. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात आत्ता भात कापणी चालू आहे, पेंढा सहज मिळतो. नाहीतर उसाचं पाचट. पेंढा बसत जातो तसा वर आणखी टाकत राहायचा, उजेड आत गेला की बटाटा हिरवा हे इथेही लागू. काढताना कुदळ लागत नाही, पेंढा बाजूला करायचा आणि वेचायचे, दोन-चार मोठे काढून परत झाकून पण ठेवता येतात. आणि पुढच्या वर्षी ती माती हाताने उकरेल इतकी भुसभुशीत झालेली असते.

तोटे पण सांगतो. उंदीर. पेंढा म्हणजे त्यांना आयतं घर आणि खाली जेवण. दुसरं म्हणजे पेंढा कोरडा राहिला की वाळवी लागते, म्हणून वरचेवर शिंपडत राहावं लागतं. उत्पन्न जमिनीपेक्षा जरा कमीच.

गच्चीवाली_काकू
उंदरांसाठी मी तर या पद्धतीचं नावच काढणार नाही 😅 इंदिरानगरात मागच्या अंगणात घुशी आहेत, विचारा कुणालाही.

इंदिरानगरची_बाग
बापरे किती माहिती, थँक्यू सगळ्यांना. म्हणजे टायर कॅन्सल. आमच्याकडे घूस आहेच, काकू बरोबर बोलल्या. बेण्याचं कुणी सांगितलं नाही पण. आणि चुलीची राख टाका, बटाटे मोठे होतात असं शेजारच्या आजी म्हणतात, टाकू?

निफाडवाला
टाका की, राखेत पालाश (पोटॅश) असतं, बटाट्याला पालाश लागतंच. आमच्याकडे आजपर्यंत टाकत आलेत.

सातपूर_एमआयडीसी
दादा इथे मी नाही म्हणेन. राख अल्कधर्मी, आणि आपली काळी माती आधीच साडेसात-आठ सामूची (म्हणजे पीएच). बटाट्याला आम्लाकडे झुकलेली माती आवडते, सामू वाढला की सालीवर खवले, म्हणजे खपली रोग वाढतो. कापलेल्या बेण्याला चिमूटभर चोळायला ठीक आहे, वाफ्यात घमेलं रिकामं करू नका. पालाश द्यायचंच तर सल्फेट ऑफ पोटॅश, थोडं.

बेणं: आत्ता बाजारात दोन तऱ्हेचे बटाटे असतात. पातळ सालीचा, अंगठ्याने साल निघते तो पुण्याकडचा नवा माल, तो दीड-दोन महिने झोपलेला असतो, त्याला कोंब येणार नाही. जुना जाड सालीचा कोल्ड स्टोरेजचा, तो बाहेर काढल्यावर आठ-पंधरा दिवसांत मोडावतो. तुमच्या टोपलीतले दुसऱ्या प्रकारचे दिसतात, लावा खुशाल, फक्त कोंब आखूड जाड जांभळट हवेत, पांढरे लांबलचक असतील तर आधी आठवडाभर सावलीत उजेडाला पसरून ठेवा. रोग नसल्याची खात्री बाजारच्या बटाट्याची देता येत नाही, पहिल्या वर्षी बघायला हरकत नाही, आवडलं तर पुढे बियाण्याचा घ्या.

त्र्यंबकरोड
अंड्याएवढे असतील तर कापू नका, अख्खे लावा. मोठे असतील तर प्रत्येक फोडीला २-३ डोळे येतील असे कापा आणि दोन दिवस सावलीत कापलेली बाजू सुकू द्या, ओली फोड गरम मातीत गेली की संपली.

निफाडवाला
राखेचं मान्य, आमची जमीन मळईची आहे म्हणून चालत असेल. ताई एक सांगायचं राहिलं. डिसेंबर-जानेवारीत ढगाळ वातावरण, धुकं किंवा अवकाळी आला की करपा येतो, पानावर काळे पाणीदार डाग आणि खालून पांढरी बुरशी, दोन-चार दिवसांत वाफा झोपतो. द्राक्षवाले डाऊनी या बुरशीच्या रोगाला मारतात तेच बोर्डो मिश्रण चालतं, १ टक्का. लिटरला १० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १० ग्रॅम कळीचा चुना, दोन्ही वेगळं विरघळवून प्लास्टिकच्या बादलीत एकत्र करायचं, लोखंडी भांडं नको. खिळा बुडवून बघा, तांबूस झाला तर चुना आणखी लागतो. डाग दिसायच्या आधी मारायचं, नंतर मारून फार उपयोग नाही. नुसत्या थंडीला मात्र घाबरू नका, आमच्या कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्रावर पारा ५-६ वर येतो तेव्हाही बटाटा उभा असतो.

इंदिरानगरची_बाग
ठरलं मग, दिवाळी झाली की मागे दोन वरंबे आणि गच्चीवर काकूंच्या पद्धतीने चार बॅगा. काकू, काढायचे कधी ते कसं कळतं?

गच्चीवाली_काकू
पाला पिवळा पडून आडवा व्हायला लागला की पाणी बंद कर. आठ-दहा दिवसांनी पाला कापून टाक, अजून आठवडा तसंच राहू दे, साल घट्ट होते. मग काढ. घाई झाली तर अंगठ्याने साल निघते, तसले लगेच भाजीला वापरायचे, टिकत नाहीत. आणि काढल्यावर धुवायचे नाहीत!! आणि हो, झाडाला छोट्या हिरव्या टोमॅटोसारखी फळं आली तर तोडून टाक, विषारी असतात, पोरांच्या हाती लागू देऊ नकोस.