मदत हवी आहे: केअर होममधल्या आईसाठी आधीच लिहून ठेवलेली इंजेक्शनं

नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये कुणाचे आईवडील केअर होममध्ये आहेत का, किंवा कुणी तिथे नर्स आहे का? आईचं खाणं जवळजवळ थांबलंय, चमच्याने पाणी तेवढं घेते. जीपींनी (म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरांनी) शेवटच्या दिवसांसाठी इंजेक्शनं आधीच लिहून दिलीत: वेदना आणि धाप यांसाठी मॉर्फिन, तगमगीसाठी मिडाझोलाम, मळमळीसाठी हॅलोपेरिडॉल, घशातल्या घरघरीसाठी ग्लायकोपायरोनियम. मला हे पटलंय. रात्री दोनला औषधं कुठे शोधणार? पण होममध्ये नर्स नाही, टोचायला डिस्ट्रिक्ट नर्सच, म्हणजे घरोघरी जाणारी नर्स, बाहेरून यावी लागते. तुमच्याकडे रात्री तिला यायला किती वेळ लागला? आणि आई आता फक्त मराठीत कण्हते, "पाठ गं, पाठ". तिचं दुखणं स्टाफला ओळखता यावं म्हणून काय लिहून ठेवू?