कुसुम की सुनंदा? विमानतळाच्या दारात सव्वा तास

मा. (न्यू जर्सी, मूळ राजेंद्रनगर, इंदूर)

मंडळी, नमस्कार.

आईला आणायला मी इंदूरला गेले होते हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. परवा निघालो. मुंबईच्या पुढची तिकिटं मी काढली होती, इंदूर-मुंबईची माझ्या मामेभावाने. "ताई, एवढं तरी मला करू दे," म्हणून हट्टाने काढली बिचाऱ्याने. आणि आईच्या तिकिटावर नाव घातलं कुसुम.

आमची आई माहेरची कुसुम, सासरी आल्यावर सुनंदा. पासपोर्टवर सुनंदा, आधारवर सुनंदा. पण मामेभावाची ती जन्मापासून कुसुमआत्या. त्याला वाटलं, कागदावरही तीच असणार. आडनाव मात्र आमचं घातलं. तिकीट फोनवर आलं तेव्हा मीही तारीख बघितली, वेळ बघितली. आपल्याच आईचं नाव कोण वाचत बसतं?

ते वाचलं दारातल्या सीआयएसएफच्या जवानाने. पंचविशीतला पोरगा. एका हातात आईचा पासपोर्ट, दुसऱ्या हातात माझा फोन. स्क्रीनवरच्या नावावरून अंगठा एकेक अक्षर पुढे सरकवत गेला, मग पासपोर्टवर, मग पुन्हा स्क्रीनवर.

"माताजी, ये टिकट किसका है?"

"मेरा."

"और ये पासपोर्ट?"

"वो भी मेरा."

मागे रांग वाढत होती, कुणाची तरी ट्रॉली माझ्या पोटरीला लागत होती. आई मात्र शांत. म्हणाली, बेटा, कुसुम मायके का नाम है, सुनंदा ससुराल का. तो म्हणाला, सरनेम बदलता है माताजी, नाम कैसे बदलेगा? त्याचंही खरंच. त्यांच्याकडे नाही बदलत. मग आईने तिथे दारात, हातवारे करून, ताटात तांदूळ कसे पसरले होते आणि बाबांनी अंगठीने त्यात 'सुनंदा' कसं लिहिलं होतं ते त्याला सांगितलं. बाबांचा 'सु' नीट उमटला नाही म्हणून गुरुजींनी पुन्हा लिहायला लावला, तेही सांगितलं. मागचे एक गृहस्थ ट्रॉलीवर कोपर टेकून ऐकत होते. जवानाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "उसका कोई कागज़ है?"

कागद! पर्समध्ये मतदार कार्ड होतं, त्यावर आपल्या मध्य प्रदेशी पद्धतीने नुसतंच 'सुनंदा बाई'. आडनाव गायब. आधारवर जन्मतारीख नाही, फक्त साल. तीन कागदांवर तीन बायका, आणि चौथी तिकिटावर.

विमान कंपनीच्या खिडकीवर उत्तर मिळालं की नाव बदलत नाही, नवीन तिकीट घ्या. तेवढ्यात आईलाच आठवलं. ती सरकारी शाळेत शिक्षिका होती आणि नोकरी लग्नाआधीची, त्यामुळे पेन्शनच्या कागदावर 'कुसुम ऊर्फ सुनंदा' असं आहे, वर फोटोही. धाकटा भाऊ आम्हाला सोडून काचेबाहेर हात हलवायला थांबला होता, तो स्कूटरवरून राजेंद्रनगरला पळाला. तोवर एक इन्स्पेक्टर आले. भला माणूस, आईला खुर्ची आणून दिली. कागद आल्यावर त्यांनी 'ऊर्फ' या शब्दावर बोट ठेवून दोनदा वाचलं, कंपनीच्या माणसाला बोलावून बुकिंगवर शेरा मारून घेतला आणि आम्हाला आत सोडलं. आईच्या हट्टापायी तीन तास आधी निघालो होतो म्हणून विमान मिळालं. एरवी मी तिच्या त्या हट्टावर रागावते.

आता प्रश्न. तुम्ही आई-वडिलांचे कागद कसे एकसारखे करून घेतलेत? की सगळेच असे 'ऊर्फ'वर फिरताहेत?

मा.

---

एक काका (रामबाग, इंदूर)

चि. मा.,

मी तुमच्या मंडळाचा सभासद नाही. चार वर्षांपूर्वी मुलाकडे सहा महिने राहिलो तेव्हा त्याने या मेलच्या यादीत घातलं, ते कुणी काढलं नाही. म्हणून अधूनमधून लिहून राहिलोय.

आई सुखरूप पोचल्या असतील. पण त्या जवानाबद्दल कुणी वाकडं लिहू नये म्हणून आधीच लिहितो. कुसुम आणि सुनंदा एकच आहेत हे त्याला कळलं असणारच. तांदळाची गोष्ट ऐकून तर नक्कीच. पण कळणं त्याचं काम नाही. दोन कागदांवरचं नाव जुळतंय का एवढंच बघायचं, जुळलं नाही तर वरच्याला बोलवायचं. त्याने ते केलं. आपल्या शहाणपणावर सोडलं असतं आणि उद्या काही निघालं असतं, तर नोकरी त्याची गेली असती, ना तुमच्या मामेभावाची.

हे नाव जुळवण्याचं खूळ आलं कुठून? 23 जून 1985. एअर इंडियाचं कनिष्क. व्हँकूवरला 'एम. सिंग' या नावाने एकाने बॅग पुढच्या विमानासाठी चढवायला लावली आणि स्वतः विमानात बसलाच नाही. बॅगेत बॉम्ब होता. आयर्लंडजवळ समुद्रावर विमान फुटलं, 329 माणसं गेली. बॅग आहे आणि त्या नावाचा माणूस नाही, हे कुणी थांबून बघितलं नव्हतं. त्यानंतर 1987 साली विमान सुरक्षेचा ब्यूरो स्वतंत्र खातं झाला. मग डिसेंबर 1999 चं कंदाहारचं विमान अपहरण. तोपर्यंत विमानतळांवर राज्यांचे पोलीस असत. फेब्रुवारी 2000 मध्ये जयपूरपासून सीआयएसएफ आली. आज दारात जो पोरगा अंगठा सरकवतो, तो या दोन प्रकरणांतून तिथे उभा आहे.

आणि मोठ्यांनाही सोडत नाहीत म्हणावं, तर कलामसाहेबांना 2009 साली दिल्लीत एका अमेरिकन विमान कंपनीच्या लोकांनी झडतीला उभं केलं. आपल्या नियमांत माजी राष्ट्रपतींना झडतीतून सूट असूनही. कंपनीने नंतर माफी मागितली, पण साहेब स्वतः तिथे गाजावाजा न करता उभे राहिले. तुमच्या आईसारखेच.

तुझी चूक तुला माहीत आहे. तिकीट काढताना पासपोर्ट समोर उघडा ठेवायचा आणि त्यातून एकेक अक्षर उतरवायचं. मामेभावावर ढकलू नकोस.

जन्मसालाचं म्हणशील, तर आमच्या पिढीत निम्मे लोक 1 जुलैला जन्मले. शाळा उघडायची तारीख. मास्तर जे लिहील ते.

काका

---

रे. (शिकागो, मूळ तिलकनगर, इंदूर)

काका, अर्धं पटलं.

जवानाचा दोष नाही हे मान्य. पण सगळी चूक तिकीट काढणाऱ्याची, हे नाही पटत. आपल्या नावाला या रकान्यांत जागाच नाही. स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. पासपोर्टमध्ये पहिली दोन एका रकान्यात कोंबतात. मग तिकिटावर ती चिकटून येतात. माझ्या सासूबाई बोर्डिंग पासवर दर वेळी नवऱ्याच्या नावासकट एका दमात वाचाव्या लागतात, आणि शेवटची दोन अक्षरं कागदाबाहेर पडलेली. ते चिकटणं टीएसएला, म्हणजे इथल्या विमानतळ सुरक्षावाल्यांना, चालतं, एवढं समाधान. पण सासूबाईंना दर वेळी वाटतं की आता धरणार.

त्याहून वाईट ज्यांचं पासपोर्टवर एकच नाव आहे त्यांचं. अमेरिकेच्या व्हिसावर त्यांच्या पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापून येतं, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. आमच्या ओळखीच्या एका ग्वाल्हेरच्या मुलाला ऑफिसात सगळे 'फनू' म्हणतात. त्याने आता विरोध करणंही सोडलंय. एकाच नावाच्या पासपोर्टवर यूएईने तर नोव्हेंबर 2022 पासून व्हिजिट व्हिसाच बंद केला.

आता माझं गाऱ्हाणं. नवऱ्याचं नाव-आडनाव इतकं सर्रास आहे की पाच वर्षं दर प्रवासात त्याच्या बोर्डिंग पासवर 'एसएसएसएस' छापून यायचं. चार एस म्हणजे बाजूला या, बॅग उघडा, हाताला पट्टी घासून बघतो, लॅपटॉप चालू करून दाखवा. मुलं लहान होती, त्यांना वाटायचं बाबांना बक्षीस लागतं. अमेरिकेत तिकीट काढताच नाव, जन्मतारीख आणि लिंग सरकारच्या यादीशी ताडून बघतात. काका म्हणतात तसं कुणी अंगठा सरकवत नाही, यंत्र सरकवतं, आणि यंत्राला तांदळाची गोष्ट सांगता येत नाही. शाहरुख खानला 2009 मध्ये न्यूअर्कला अडकवलं तेव्हा आमच्या घरात हा म्हणाला, बघ, मी आणि शाहरुख.

ज्यांना हा त्रास आहे त्यांनी होमलँड सिक्युरिटीच्या 'ट्रिप' नावाच्या सोयीत अर्ज करा. पासपोर्टची प्रत जोडायची. सात आकडी रिड्रेस नंबर मिळतो, तो दर तिकिटावर घालायचा. आमचं त्यानंतर थांबलं. पाच वर्षं हे कुणी सांगितलं नाही म्हणून मी इथे ओरडून सांगतेय.

आणि मा., आई इथे देशांतर्गत फिरणार असतील तर त्यांचा भारतीय पासपोर्ट पुरतो. 7 मे 2025 पासून कोपऱ्यात चांदणीची खूण असलेलं 'रिअल आयडी' लायसन्स लागतं म्हणून जी घबराट आहे ती इथल्या लायसन्सवर फिरणाऱ्यांची. कायदा 2005 चा, लागू व्हायला वीस वर्षं. आपल्याकडची कचेरी लाजेल.

जाता जाता: लग्नात माझ्यापुढेही तांदळाचं ताट आलं होतं. मी आधीच सांगून ठेवलं होतं, जे आहे तेच लिहा. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. आता विमानतळावर त्याच म्हणतात, बरं केलंस.

रे.

---

नि. (दुबई)

सगळ्यांना नमस्कार. लांब लिहीत नाही.

इंदूरला सप्टेंबर 2024 पासून डिजियात्रा आहे. आधारवरून ॲपमध्ये चेहरा नोंदवायचा, तिकीट चढवायचं, दारात कॅमेऱ्याकडे बघायचं, फाटक उघडतं. मी गेल्या खेपेला तसाच आत गेलो, मस्त वाटलं. मग मागे वळून बघतो तर बायको आणि मुलगा रांगेत. त्यांच्याकडे ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, आधार नाही. मी आतून, ते बाहेरून, काचेच्या दोन बाजूंना वीस मिनिटं. बायको तेव्हा जे बोलली ते या यादीवर लिहिण्यासारखं नाही.

दुसरं, ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. माझ्या आधारला बाबांचा जुना नंबर होता. मी विमानतळाच्या वाटेवर टॅक्सीत, बाबा घरी चष्मा शोधताहेत, आकडे वाचून दाखवताहेत, तोवर मुदत संपते. तीनदा. निघण्याच्या आदल्या आठवड्यात हे करून ठेवा. कॅमेऱ्याची माहिती विमानतळाच्या यंत्रणेतून 24 तासांत पुसतात असं सांगतात. ज्यांना चेहरा द्यायचा नाही त्यांच्यावर सक्ती नाही, रांग आहेच.

आणि आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलून मिळतं. दुरुस्तीला जाताना पासपोर्टचं स्पेलिंग कागदावर लिहून न्या आणि पडद्यावर बघून मगच हो म्हणा. आमच्या आडनावातला ळ इंदूरच्या केंद्रावर ल झाला. त्या मुलाला म्हटलं, भिया, हा ल नाही. तो म्हणाला, साहब, ये अक्षर हमारे यहाँ चलता ही नहीं. खरंच आहे. विमानतळाच्या हिंदी पाटीवर अहिल्याबाईंचंसुद्धा होलकरच झालंय, तिथे आपण कोण.

नि.

---

मंडळाचे चिटणीस

नमस्कार. उपयुक्त चर्चा. रे. ताईंनी रिड्रेसची माहिती वेगळ्या मेलमध्ये पाठवावी, ती जपून ठेवू.

दिवाळीच्या कार्यक्रमाची नावं शुक्रवारपर्यंत हवी आहेत. हॉलवाल्यांनी दारात यादी मागितली आहे, त्यामुळे प्रत्येकाचं नाव नीट लिहा. "आणि फॅमिली" चालणार नाही, गेल्या वर्षी "आणि फॅमिली"त अकरा जण निघाले होते. फराळात चकल्या कोण करणार हेही कळवा.

---

मा.

काका, चूक मान्य. मामेभावाला फोन केला. तो अजून रडवेला आहे, आईने त्यालाच समजावलं.

आई पोचली. न्यूअर्कच्या काउंटरवर अधिकाऱ्याने सहज नाव विचारलं, तर ही म्हणाली, "विच वन?" मला घाम फुटला. तिला वाटलं, इथेही खरं सांगून टाकलेलं बरं. त्याने पासपोर्ट बघितला, तिच्याकडे बघितलं, बोटांचे ठसे घेतले आणि शिक्का मारला. बाहेर आल्यावर म्हणते, या मुलाने कागद नाही मागितला.

पेन्शनचा तो कागद आता तिच्या पर्समध्येच असतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत. परत इंदूरला गेल्यावर कागद सारखे करू म्हटलं तर विचारते, कुठल्या नावावर? मी म्हटलं, पासपोर्टच्या. त्यावर काही बोलली नाही.

चिटणीससाहेब, आमच्याकडून चार जण. माझं, ह्यांचं आणि मुलीचं नाव तुमच्याकडे आहेच. चौथं आईचं. तिला विचारलं कुठलं लिहू, तर म्हणाली, तिथे पासपोर्ट बघणार नसतील तर कुसुम लिही. चकल्या तीच करते आहे.

मा.