क्रॉयत्सेनश्टाइनचा किल्ला: जतन की जुळवाजुळव?

उत्तररात्र:
गेल्या आठवड्यात कडीकोयंडा यांनी आपल्या ऑस्ट्रियाच्या प्रवासवर्णनात व्हिएन्नाजवळच्या क्रॉयत्सेनश्टाइन किल्ल्याला दोन ओळींत निकालात काढले. हा किल्ला मध्ययुगीन नाहीच, एका उमरावाने आपल्या जुन्या वस्तू मांडण्यासाठी बांधलेले ते शोभेचे घर आहे, तिकिटाचे पैसे वाया गेले, असे त्यांनी लिहिले. मी नऊ वर्षे व्हिएन्नात राहतो आणि घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला लेओबेनडॉर्फच्या त्या टेकडीवर घेऊन जातो, म्हणून हे सविस्तर उत्तर.

मूळ किल्ला बाराव्या शतकातला. तीस वर्षांच्या युद्धात, १६४५ मध्ये, टॉर्स्टेनसनच्या स्वीडिश फौजेने तो सुरुंग लावून उडवला आणि पुढची दोनशेहून अधिक वर्षे तेथे पडके अवशेषच उरले. काउंट योहान विल्चेक यांनी १८७४ मध्ये कार्ल गांगोल्फ काइझर या वास्तुकाराला हाताशी धरून काम सुरू केले, काइझर १८९५ मध्ये वारल्यावर ते हुम्बर्ट वाल्खर यांनी पुढे नेले आणि १९०६ मध्ये ते पूर्ण झाले. मधल्या तीन दशकांत विल्चेक युरोपभर फिरून मध्ययुगीन इमारतींचे सुटे झालेले भाग विकत घेत राहिले. आज स्लोव्हाकियात असलेल्या काशाऊच्या सेंट एलिझाबेथ कॅथेड्रलचेच पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे नूतनीकरण करणाऱ्यांनी शैली 'शुद्ध' करण्याच्या नादात जे कोरीव दगड उतरवले, त्यांतले काही विल्चेक यांनी घेतले आणि आपल्या चौकातल्या सज्जात बसवले. ज्यांना मूळ घराने बाहेर काढले त्या दगडांना येथे छप्पर मिळाले. याला शोभेचे घर कसे म्हणावे?

कडीकोयंडा:
माझ्या दोन ओळी तुम्हाला एवढ्या लागतील असे वाटले नव्हते, पण त्या मी मागे घेत नाही. माझा राग संग्रहावर नाही. शस्त्रागारातली चिलखते, स्वयंपाकघरातली अवजड भांडी, जुने लाकडी सामान हे सगळे अस्सल आणि सुंदर आहे. राग आहे तो या संग्रहाला किल्ल्याचे सोंग देण्यावर. चौकात उभे राहिले की कोणता दगड पंधराव्या शतकातला आणि कोणता काइझरच्या कारागिरांनी घडवलेला, हे साध्या प्रेक्षकाला कळत नाही. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाची तत्त्वे मांडणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेने स्वच्छ सांगितले आहे की जेथे तर्क सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. येथे तर सुरुवातच तर्कापासून झाली.

शिवाय १९०६ मध्ये किल्ल्याच्या उद्घाटनाच्या समारंभाला जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म आला होता, हेही विसरू नका. त्याच काळात तो स्वतः आल्सासमधला होहक्योनिग्सबुर्ग हा पडका किल्ला पुन्हा उभारून घेत होता आणि ते काम १९०८ मध्ये पुरे झाले. आपली सत्ता किती पुरातन आहे हे दाखवण्याची त्या काळच्या सम्राटांना आणि उमरावांना निकड होती. हे किल्ले त्या निकडीतून उभे राहिले आहेत.

माजघर:
कडीकोयंडा, १९६४ ची सनद १८७४ च्या माणसाला लावणे हा कोणता न्याय? आणि मूळ जागेवरून हललेली वस्तू म्हणजे सोंग, असेच असेल तर आपल्या पुण्यात काय झाले? कोथरूडच्या मस्तानी महालाचे उरलेले भाग दिनकर केळकरांनी आणून आपल्या संग्रहालयात पुन्हा उभे केले. ते त्यांनी कोथरूडलाच कुजू द्यायला हवे होते का?

कडीकोयंडा:
केळकरांनी संग्रहालय उभारले, त्याला शनिवारवाडा म्हटले नाही. हा फरक ज्यांना दिसत नाही त्यांच्याशी काय बोलावे?

आता वाड्यांचा विषय काढलाच आहे तर ऐका. वाईला आमच्या आजोळच्या वाड्याच्या माजघरात एक घुसळखांब होता. चार पिढ्यांच्या ताकाने त्यावर, साधारण कमरेच्या उंचीवर, दोरीचा घळ पडला होता. त्यात बोट फिरवले की लाकूड काचेसारखे गुळगुळीत लागे. वाडा उतरवला तेव्हा केळफुलांची नक्षी असलेले सुरूचे खांब, तुळया आणि हा घुसळखांबसुद्धा एका व्यापाऱ्याने एकगठ्ठा नेला. सहा वर्षांनी एका रिसॉर्टच्या स्वागतकक्षात तो मला दिसला. घळ लांबी भरून बुजवला होता, वरून पॉलिश मारले होते आणि शेजारच्या पाटीवर 'राजवाड्यातील स्तंभ' असे लिहिले होते. मी तेथे जेवलो नाही, तसाच परत आलो. क्रॉयत्सेनश्टाइनच्या चौकात मला तो खांबच आठवत होता.

माजघर:
वाईट वाटले, पण खांब विकला कोणी? तुमच्याच मामांनी ना? घरच्यांनी विकायचे आणि दोष मात्र घेणाऱ्याला द्यायचा, हे मला पटत नाही.

कडीकोयंडा:
माझ्या मामांवर डोक्यावर कर्ज असताना काय वेळ आली होती हे तुम्हाला ठाऊक नाही. त्यांच्याबद्दल बोलू नका.

दगडधोंडा:
दोघांनीही जरा शांत व्हावे. आमच्या वाड्याला गिऱ्हाईकच आले नाही, त्याचे काय झाले ते सांगतो. वाटणीचा दावा अकरा वर्षे चालला. तोवर कडीपाट गळून पडला, खांबांना वाळवी लागली आणि शेवटी चुलत्यांनी महिरपीचे तुकडे करून बंबात घातले. एका थंडीत आंघोळीच्या पाण्यासाठी दीडशे वर्षांची नक्षी जळाली. तेव्हा कोणी विल्चेक दारात आला असता, तर त्याने ती खोट्या किल्ल्यात लावली असती तरी मला चालले असते. कडीकोयंडांचा खांब निदान उभा आहे.

उत्तररात्र:
माजघर, मामांचा उल्लेख टाळायला हवा होता. आता मूळ मुद्द्याकडे येतो. विल्चेक केवळ मिरवणारे उमराव नव्हते. फ्रान्झ योसेफ लँड ही आर्क्टिकमधली बेटे १८७३ मध्ये ज्या ध्रुवीय मोहिमेला सापडली तिचा मोठा भार त्यांनी उचलला होता, आणि १८८१ मध्ये रिंगथिएटरच्या आगीत शेकडो माणसे गेल्यावर दुसऱ्याच दिवशी व्हिएन्नाची स्वयंसेवी बचावसंस्था स्थापन करणाऱ्यांत ते होते. अशा माणसाच्या तीस वर्षांच्या ध्यासाला सोंग म्हणणे मला मान्य नाही. कोणता दगड कुठला, हे प्रत्येक ठिकाणी लिहिलेले असावे, एवढी तुमची मागणी मात्र रास्त आहे. आत वाटाड्याबरोबरच फिरावे लागते आणि त्याने सांगितले नाही तर पाहुण्याला काहीच समजत नाही, हे मीही अनेकदा अनुभवले आहे.

कडीकोयंडा:
काशाऊच्या दगडांपुरते मी माझे म्हणणे मागे घेतो, कारण तेथे त्यांना काढून टाकणारे दुसरेच होते. बाकीच्या किल्ल्याबद्दल मत तेच आहे. दगडधोंडा, तुमचे वाचून दोन दिवस काही लिहिता आले नाही. खांब उभा आहे, हे खरे. पण बुजवलेला घळ पुन्हा उकरून देणारा कोणी सुतार माहीत असेल तर कळवा, मी त्या रिसॉर्टच्या मालकाला भेटायला जाणार आहे.