रेनबोचा 'रायझिंग' विसरलात का?
सारखी माणसं बदलणाऱ्या बँडकडून एकसंध अल्बम होत नाही, असं कुणीतरी म्हटलंय. मग रेनबो या रॉक बँडच्या 'रायझिंग' अल्बमचं (१९७६) काय करायचं? १९७५च्या पहिल्या अल्बमनंतर बँडचा म्होरक्या, गिटारवादक रिची ब्लॅकमोरने गायक रॉनी जेम्स डिओ सोडून सगळ्यांना नारळ दिला. ड्रम्सवर कोझी पॉवेल, बेसवर जिमी बेन, कीबोर्डवर टोनी कॅरी आले. म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत रेकॉर्डिंग, निर्माता मार्टिन बर्च. अख्ख्या तबकडीवर सहाच गाणी, त्यातही दुसऱ्या बाजूला फक्त दोन, दोन्ही आठ मिनिटांच्या वर!

त्यातल्या 'स्टारगेझर' या गाण्यात म्युनिक फिलहार्मोनिकचा वाद्यवृंद आहे, पण माझे कान दर वेळी पॉवेलकडेच जातात. सुरुवातीला एकट्या ड्रम्सचा तो छोटा तुकडा, आणि मग शेवटपर्यंत तो ठेक्याचं वजन जराही कमी होऊ देत नाही. आधीच्या अल्बममधले ड्रम्स त्यापुढे अगदीच मवाळ वाटतात. ड्रमर बदलला म्हणूनच हे गाणं उभं राहिलं, असं माझं स्पष्ट मत.

ब्लॅकमोरची माणसं बदलायची खोड मात्र गेली नाही (जाणार कशी म्हणा!). १९७७ संपेपर्यंत बेन आणि कॅरी दोघेही बाहेर होते, आणि पुढच्या स्टुडिओ अल्बमनंतर डिओही गेला.