मदत हवी आहे: मोजमाप चिपचा रजिस्टर-तक्ता मिळवण्यासाठी गोपनीयता करार करावा का?

नमस्कार,

मी एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. आमच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी यंदा विहिरीवरच्या मोटारीसाठी नियंत्रक करायला घेतला आहे. तीनपैकी एक फेज गेली, तर मोटार जळण्याआधी ती बंद व्हावी, एवढेच त्याचे काम. त्यासाठी तिन्ही फेजचे व्होल्टेज आणि करंट मोजणाऱ्या चिपचे १२ बोर्ड घेतले. हाती आल्यावर कळले की डेटाशीट म्हणून मिळते ते चार पानांचे माहितीपत्रक आहे. कोणत्या रजिस्टरमध्ये (चिपमधल्या छोट्या साठवण-जागेत) कोणते मोजमाप असते याचा तक्ता हवा असेल, तर गोपनीयता करारावर सही करावी लागते. शिवाय बोर्डावरच्या मायक्रोकंट्रोलरमध्ये, म्हणजे बोर्ड चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिपमध्ये, प्रोग्राम भरण्याचे साधन वेगळे घ्यावे लागते, आणि त्यासोबतचा विनाशुल्क कंपायलर (लिहिलेला कोड चिपच्या भाषेत बदलणारे सॉफ्टवेअर) प्रोग्रामला २ किलोबाइटच्या पुढे जाऊ देत नाही. कंपनीचे प्रात्यक्षिक सॉफ्टवेअर बोर्डाशी काय बोलते ते लॉजिक अ‍ॅनालायझरने (तारांवरचे डिजिटल संकेत नोंदवणाऱ्या उपकरणाने) टिपून विद्यार्थ्यांनी दोन आठवड्यांत तीन रजिस्टरे ओळखली. कौतुक वाटले, पण सत्र त्यातच संपेल.

सहकाऱ्यांचे म्हणणे असे की माहिती खुली केली तर नक्कल होईल. मला हे पटत नाही. कोणता बिट लिहिल्यावर मोजमाप सुरू होते हे कळल्याने कोणी तशी चिप बनवू शकत नाही. त्या माहितीने चिप वापरता येते, आणि वापरता आली तरच ती विकली जाते. एव्हीआर या मायक्रोकंट्रोलर-मालिकेची काहीशे पानांची डेटाशीट कोणत्याही सहीशिवाय मिळत होती आणि तिच्यासाठी जीसीसी हा मुक्त कंपायलर होता, म्हणूनच २००५ मध्ये अर्डुइनो हा शिकणाऱ्यांसाठीचा बोर्ड त्या चिपवर उभा राहू शकला. ईएसपी८२६६ या वायफाय चिपचे उदाहरण तर अधिक बोलके आहे: २०१४ मध्ये ती स्वस्त मॉड्यूलांतून बाहेर पोहोचली तेव्हा माहिती बहुतांशी चिनी भाषेत होती, हौशी मंडळींनी ती भाषांतरित केली, आणि त्याच वर्षी कंपनीने विकाससंचही (तिच्यासाठी प्रोग्राम लिहिण्याची साधने) उपलब्ध करून दिला. तिथेही वायफायचा गाभा कंपाइल केलेल्या, म्हणजे मूळ कोड न दिसणाऱ्या, स्वरूपातच मिळतो. रेडिओच्या वारंवारता आणि शक्तीवर सरकारी बंधने असल्यामुळे तेवढे झाकलेले मी समजू शकतो. व्होल्टमीटरला कसली बंधने?

करारावर सही करावी, की १२ बोर्ड बाजूला ठेवून दुसरी चिप घ्यावी? आणि उत्पादकाला पत्र लिहायचे झाल्यास नेमके काय मागावे?

प्रतिसाद १:

सही करण्यापूर्वी एक कलम नीट वाचा: त्या माहितीच्या आधारे लिहिलेला कोड दुसऱ्याला देता येतो का? बहुतेक वेळा अडचण तिथेच असते. पत्रात ‘सर्व माहिती द्या’ असे लिहू नका, कारण त्याला ‘नाही’ हे उत्तर सोपे जाते. मोजमापाची रजिस्टरे, कॅलिब्रेशनची (मोजमाप अचूक जुळवून घेण्याची) पद्धत आणि चिपमधील ज्ञात दोषांची यादी एवढेच मागा, आणि कोड प्रकाशित करण्याची लेखी मुभा स्वतंत्रपणे मागा. पर्याय म्हणून मायक्रोचिपची एटीएम९०ई३२एएस पाहा. तिच्या रजिस्टरांची माहिती खुली आहे आणि ईएसपीहोम या मुक्तस्रोत प्रकल्पात तिच्यासाठी कोड तयार आहे. कंपायलरच्या मर्यादेबद्दल सांगायचे तर, तुमचा मायक्रोकंट्रोलर ८०५१ या जुन्या, प्रचलित कुळातला असेल तर एसडीसीसी हा मुक्त कंपायलर वापरा. त्याला अशी मर्यादा नाही.

धागाकर्ता:

मनःपूर्वक आभार. मायक्रोकंट्रोलर ८०५१ कुळातलाच आहे, त्यामुळे कंपायलरचा प्रश्न सुटला. करार पुन्हा वाचला. मिळालेल्या माहितीवरून लिहिलेला कोड ‘तिसऱ्या पक्षास’ दाखवता येणार नाही, असे कलम त्यात खरोखरच आहे. मग प्रकल्पाची तोंडी परीक्षा घेणारे बाह्य परीक्षक हा तिसरा पक्ष ठरतो का, हे आज कंपनीला पत्राने विचारले आहे. उत्तर येईपर्यंत दोन गटांना तुम्ही सुचवलेल्या चिपवर काम सुरू करायला सांगितले आहे. तिच्या कॅलिब्रेशनचा कोणाला प्रत्यक्ष अनुभव असल्यास कृपया लिहावे, विशेषतः करंट ट्रान्सफॉर्मर कोणत्या क्षमतेचा घेतला ते.